चार नंबरचं उत्तर

"चार नंबर," म्हणत कारकून सावळीरामने घसा साफ केला.

उमेदवाराचं अक्षरसुद्धा परीक्षकाच्या नजरेला पडू नये, अशी मुख्याध्यापिका चिमणाबाईंची शिस्त. उत्तरं सावळीराम वाचणार, नावांची बंद पाकिटं बाईंच्या टेबलावर आणि गुण देणार निवृत्ती पगारे सर. नाशिकरोडच्या या शाळेत बायकांसाठी संध्याकाळचे वर्ग निघायचे होते. इंग्रजीला एकच बाई घ्यायची होती.

पगारे सरांचं म्हणणं एवढंच, की ती रंगनाथच्या हाताखालची नसावी.

रंगनाथ पोस्टातला साधा कारकून. रविवारी वंदना आटोपली की विहारात बायकांना फुकट इंग्रजी शिकवायचा. सरांनी उभा जन्म व्याकरण घोटलं, पण कॉलनीत नाव कुणाचं, तर रंगनाथचं. सरांच्या पोटात दुखायचं. त्यांनी रविवारी विहाराकडे फिरकणंच सोडलं. बायको सुमन एकटीच वंदनेला जायची आणि परतल्यावर मुकाट स्वयंपाकाला लागायची.

प्रश्न होता 'अलोन' आणि 'लोनली' यांतल्या फरकाचा. वर्गात सांगावा तसा मराठीत समजावून लिहायचा होता. आधीच्या तिघींनी शब्दकोश पाठ करून उतरवला होता.

सावळीराम वाचू लागला. "नवरा कामावर गेला की मी घरात अलोन असते. त्याचं मला काही वाटत नाही. संध्याकाळी तो येतो, जेवतो, पेपरात डोकं घालतो. तेव्हा मी अलोन नसते, लोनली असते."

सरांच्या अंगाचा तिळपापड झाला. इतक्या वर्षांत हा फरक त्यांना एकदाही असा सांगता आला नव्हता. हे रंगनाथचंच शिकवणं, त्यांनी लगेच ताडलं.

"कसला नवरा म्हणायचा हा," सावळीराम हसला.

"असेल कुणीतरी ठोंब्या," सर म्हणाले. "दहापैकी दोन."

चिमणाबाईंनी चष्मा काढला. "दोन? सर, माझ्या तर अंगावर काटा आला. मला हिलाच घ्यावंसं वाटतंय."

"बाई, घरची रडगाणी ऐकायला बसलोय का आपण? व्याख्या कुठाय यात? दोनच."

गुणांच्या बाबतीत सरांचा शब्द अखेरचा. सर्वांत जास्त गुण पडलेल्या दोन नंबरचं पाकीट फोडलं, सिन्नरची कुणी उमेदवार निघाली. तिची नेमणूक झाली. सरांना कितीतरी दिवसांनी हलकं वाटलं. उद्या रंगनाथला गाठायचं आणि साळसूदपणे विचारायचं, काय हो, तुमच्या अमक्या बाईंचं काय झालं? पण त्यासाठी नाव तर कळायला हवं.

"बाई, चारचंही फोडा की. बघू तरी, रंगनाथरावांची लाडकी विद्यार्थिनी कोण ती."

चिमणाबाईंनी पाकीट फोडलं. आतली चिठ्ठी त्यांनी दोनदा वाचली आणि मग सरांकडे पाहिलं.

"सुमन निवृत्ती पगारे," त्या म्हणाल्या. "सर, या आपल्या वहिनीच ना?"