दगडाला टेकलेलं चाक

निखतचा निकाह झाला ते साल दोन हजार पंचवीस. फेब्रुवारीतला दुसरा रविवार होता. निकाह परंड्याच्या शादीखान्यात, दुपारी दोनला. घरची सगळी माणसं सकाळीच टेम्पोनं पुढं गेली होती. ईट गावात मागं राहिले ते फक्त निखतचे आजोबा, लालमहंमद. गाडी त्यांनी घेऊन यायची होती. सासरी जाईन तर वडिलांच्या, अब्बूंच्या गाडीतूनच, एवढा एकच हट्ट निखतनं धरला होता.

साडेअकरा वाजले होते आणि चावी फिरत नव्हती.

लालमहंमदनी चावी काढली, सदऱ्याला पुसली, परत घातली. आत पूर्ण जात होती. फिरत मात्र नव्हती. स्टेअरिंगही दगडासारखं घट्ट.

भिंतीपलीकडून शेजारच्या लक्ष्मम्मानं डोकं वर काढलं. तिच्या हातात शेळीचं दावं होतं.

"अजून हितंच? नवरदेव पळून जाईल की वो!"

"त्यो न्हाय पळत. ही गाडीच पळंना."

"मग मिस्त्रीला फोन लावा."

"भूमवरनं मिस्त्री येईस्तोवर पोरगी सासरी जाईल. आमच्या अरफातच्या नंबरला लावतो."

लक्ष्मम्मानं त्यांच्याकडं एकवार बघितलं. मग शेळी ओढत आत गेली.

गल्लीत दुसरं कुणी नव्हतं. लालमहंमदनी फोन लावला. दर जुम्म्याला नमाज झाली की ते हा फोन करत. पाच मिनिटं बोलत. खोकला, पाऊस, शेळीची करडं. घरात बाकी कुणी त्यांचं एवढं ऐकून घेत नसे.

"बोला अब्बा," पलीकडून आवाज आला. "आज रविवारचा फोन? तब्येत बरी आहे ना?"

"मला काय धाड भरलीय? गाडीची चावी फिरंना बाळा. दोनला निकाह हाय."

"हो, लक्षात आहे. दुसरी चावी आहे का?"

"हाय. तीबी लावली. तीबी तसलीच."

"जोर लावू नका. आत मोडली तर दिवस जाईल."

"लावून झाला जोर. तेलबी घातलं."

"कसलं तेल?"

"खोबरेल."

"अब्बा, डोक्याला लावायचं ते गाडीला?"

"मग काय गाडीला तूप चारू?"

दोघंही हसले. हसता हसता लालमहंमदना खोकला आला. खोकला संपल्यावर पलीकडून आवाज आला, "पाणी प्या आधी."

"पाणी ऱ्हाऊ दे. म्होरं सांग."

"घरात पेन्सिल आहे का? तिचं शिसं चावीवर घासा. दोन्ही बाजूंनी."

धाकट्या नातीच्या, फलकच्या दप्तरात पेन्सिल सापडली. लालमहंमदनी चावी काळी होईस्तोवर घासली. फिरली नाही. बारा वाजत आले. त्यांच्या कपाळावर घाम आला.

"मी न्हाय पोचलो तर पोरीला कुणाच्या गाडीत बसवतील रं? वरीसभर वाट बघितलीय तिनं."

"पोचाल. गाडी उभी कुठं केलीय? सपाटीला?"

"न्हाय. रोज शेडात असती. सकाळी धुवायला भाईर काढली. दारासमोर उतार हाय."

"आणि चाक?"

"चाक वळवून दगडाला टेकवलंय. पंचवीस वर्सं भूम–परंडा जीप चालवली म्या. तिचा हँडब्रेक कदी लागलाच न्हाय. चाक दगडाला लावायचं आन् चहाला जायचं."

"तिथंच घोटाळा झालाय, अब्बा. तुमच्या जीपला स्टेअरिंगचं कुलूप नव्हतं."

"तिला साधं दाराचं कुलूप नव्हतं!"

"हिला आहे. चाक दगडाला रेटलंय, त्यानं स्टेअरिंग ताणलं गेलंय आणि कुलपाची खीळ आत आवळून बसलीय. चावीचा काही दोष नाही. फोन सीटवर ठेवा, मोठ्या आवाजावर. हँडब्रेक ओढा. ओढला? आता स्टेअरिंग दोन्हीकडं हलवून बघा. कुठल्या बाजूला जरा जास्त जातं?"

"डावीकडं. केसभर."

"त्याच बाजूला ओढून धरा. सोडू नका. उजव्या हातानं चावी फिरवा. हळू. झोपलेल्या लेकराच्या मुठीतनं काही काढावं तशी."

लालमहंमदनी डाव्या हातानं स्टेअरिंग ओढून धरलं. उजव्या हातानं चावी फिरवली.

खट्ट.

इंजिन सुरू झालं. सीटवरच्या फोनमधून टाळी वाजली.

"झालं की नाही! आता रिव्हर्स टाका, दगडापासून मागं घ्या. आणि घाई करू नका. पोचलात का ते विचारायला मी फोन करतो."

"कर. वाट बघतो," लालमहंमद म्हणाले.

वाशीचा फाटा, भूम, पुढचा सरळ रस्ता. पाऊण वाटेपर्यंत घाईत त्यांनी काचासुद्धा वर केल्या नाहीत. दोनला दहा मिनिटं कमी असताना गाडी शादीखान्याच्या दारात लागली. निखत बायकांच्या खोलीच्या खिडकीत उभी होती. गाडी दिसली तशी तिनं ओढणी तोंडाशी धरली.

आत काझीसाहेबांनी रजिस्टर उघडलं होतं. ते कुर्डुवाडीहून आले होते, नवरदेवाकडून. घरातल्या माणसांशी त्यांची ओळख नव्हती.

"मुलीचे वालिद अरफात शेख. ते दिसत नाहीत?"

तेवढ्यात लालमहंमदच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी बाहेर काढला. काझीसाहेबांना पडद्यावरचं नाव दिसलं.

"हे बघा, त्यांचाच आला. परदेशात असतात का? द्या इकडं, फोनवरच इजाजत घेतो. हल्ली चालतं."

लालमहंमदनी फोन दिला नाही. स्वतःच्या कानाला लावला. "पोचलो बाळा. येळंत पोचलो. मागनं बोलतो." फोन ठेवून ते काझीसाहेबांसमोर बसले.

"ह्ये सोलापूरचे मल्लिकार्जुन हायेत. पोराचा बंद पडलेला नंबर कंपनीनं त्यांला दिला. पोरीचा वली मी हाय, आजा. तुमी लिवा, काझीसाब. अरफात लालमहंमद शेख, इंतकाल अकरा मार्च दोन हजार एकवीस."