यंत्राची चूक
पृथ्वीराजच्या रक्ताच्या तपासणीत हृदयाच्या जनुकात बिघाड दिसत होता, पण नमुनाच खराब. बिघाड खरा की यंत्राची चूक, हे कोल्हापूरच्या लॅबमध्ये आकडेमोड करणाऱ्या दीप्तीला ठरवता येईना. तिने हुपरीला त्याच्या वडिलांना, बाबासोंना फोन लावला.

"पुन्हा नमुना लागेल."

"पोरगं गेलं की मॅडम, मागच्या महिन्यात," बाबासो म्हणाले.

मग त्याच्या धाकट्या बहिणीने, श्रुतीने स्वतःचं रक्त दिलं. "मला काय झालं न्हाय, पण दादा कशानं गेला तेवढं कळूदे."

तिचा नमुना अगदी स्वच्छ आला. तोच बिघाड, त्याच जागी. दीप्तीने दोघांचे आकडे एकत्र मांडले आणि शंका उरली नाही.

फोन श्रुतीनेच उचलला. "दादाचं कळलं काय, ताई?"

"कळलं," दीप्ती म्हणाली. "जरा बाबांना दे."