बाईंचा कागद

अहवालावर सही करून निरीक्षकसाहेब उठले, तर दारात बाई उभ्या. एरवी शाळेत शिकवणाऱ्या, मतदानाच्या दिवशी केंद्रप्रमुख.

"साहेब, माझा कागद जोडलात ना?"

साहेब शेजारच्या मोठ्या लोकशाही देशातून आले होते. दोन वर्षांपूर्वी याच बाईंना त्यांनी प्रशिक्षण दिलं होतं. मतदानाआधी पेटी सगळ्यांसमोर उलटी करून दाखवायची, मगच सील लावायचं. परवा बाईंनी तसंच केलं, आणि पेटीतून शिक्के मारलेल्या मतपत्रिकांचा गठ्ठा खाली पडला. बाई मूग गिळून बसल्या नाहीत. झालं ते जसंच्या तसं लिहून कागद त्यांनी साहेबांच्या हातात दिला.

आज सकाळी साहेबांना त्यांच्या मंत्रालयातून फोन आला. इथल्या सरकारशी आपल्याला उद्याही बोलायचंय, फार खोलात जाऊ नका. मग अहवालात एवढंच उरलं, की मतदान एकंदरीत शांततेत पार पडले. तेही खोटं नव्हतं म्हणा. गठ्ठा पडल्याचा आवाज तो कितीसा होणार!

"नाही जोडला," साहेब म्हणाले. "तुमचं नाव आहे त्यावर. नोकरीवर गदा आली असती."

थाप अगदी सहज निघाली. ती इतकी सहज सुचली, याचीच त्यांना लाज वाटली.

बाईंचा चेहरा उजळला. "माझा एवढा विचार केलात? पण मी घरी सांगून आलेय, साहेब. नोकरी गेली तर गेली. तो कागद परत द्या, मीच छापायला देते."

साहेबांनी उगाचच टेबलावरची फाइल उघडली, मिटली. मघाशी इथल्या निवडणूक कचेरीतला एक अधिकारी येऊन गेला होता. त्याने गोड बोलून कागद मागितला आणि साहेबांनी देऊन टाकला. देताना त्यांना चक्क सुटल्यासारखं वाटलं होतं.

"तो... चौकशीसाठी तुमच्याच अधिकाऱ्यांकडे दिलाय."

बाई मटकन खुर्चीत बसल्या.

"कागदाच्या मागच्या बाजूला केंद्रावरच्या तिघांच्या साक्षीच्या सह्या आहेत, साहेब," त्या म्हणाल्या. "तयार नव्हते हो ते. साहेब मोठ्या लोकशाहीतून आलेत, घाबरू नका, असं सांगून मी घेतल्या."