पाच मिनिटांचं काम

तिरडी बांधून झाली, मुंबईहून लेक पूजाही येऊन पोचली, आणि भागोजीचाच पत्ता नाही. बायको अंगणात आडवी नि नवरा मोटारसायकल काढून महाडला! वरंध गावच्या माणसांनी नको नको ते बोलून घेतलं.

साडेअकराला तो आला. कुणाकडं न बघता साळूबाईच्या उशाशी बसला. खिशातून एक प्लॅस्टिकची डबी काढली. आत दात.

दात कसला, दातावरची कॅप. गेल्या पावसाळ्यात साळूबाईच्या पुढच्या दाताचं रूट कॅनाल झालं. ठणका थांबला. डॉक्टरीणबाईंनी दात तासून बारीक केला, माप घेतलं, आठ दिवसांनी कॅप बसवायला बोलावलं. तात्पुरती लावलेली चार दिवसांत भाकरीबरोबर गेली. दवाखान्यातून तीनदा फोन आला.

"आता दुकतंय काय? नाय ना? मग महाड कशाला?" भागोजी दरवेळी हेच. दुखणं थांबलं की दवाखाना संपला, ही आपल्याकडची रीतच आहे मेली! साळूबाई हसताना तोंडावर पदर घ्यायला लागली, तो कायमचा. वैशाखात पूजाच्या लग्नात फोटोवाला "काकी, पदर काढा" म्हणून ओरडून थकला. एकाही फोटोत तिचं धड तोंड नाही. आणि आज पहाटे छातीत कळ आली, तासाभरात सगळं आटपलं.

"भावजी, ह्ये काय काढलंत?" जाऊ रंगूबाई पुढं आली. "तोंडात तुळशीपान घातलं, सोन्याचा मणी घातला. आता आनखी काय घालू नये."

"तिचंच हाय," भागोजी म्हणाला. "तिच्या मापाचं."

त्यानं तिचा वरचा ओठ हळूच उचलला. तासलेला तो एवढासा खुंट त्यानं आज पहिल्यांदा बघितला. वर्ष होत आलं, एका ताटलीशेजारी दुसरी ताटली घेऊन जेवत होता! कॅप लावली. बरोब्बर बसली. मळवट भरलेला, हिरवं लुगडं, आणि दोन्ही दात सारखे. पूजानं तोंडात पदराचा बोळा कोंबला.

अंगठा काढला तशी कॅप घसरून खालच्या ओठावर आली. त्यानं परत बसवली. परत घसरली.

सकाळी डबी देताना दवाखान्यातली शर्मिला म्हणाली होती, "काका, ती नुसती नाही राहत हो. सिमेंट लावून थोडा वेळ दाबून धरावी लागते. काकींना घेऊन या ना, पाच मिनिटांचं काम आहे."

"आनतो," असं म्हणून तो निघाला होता.

"भागोजी, ऊन चढलं," म्हातारा मुरारी तिरडीजवळून म्हणाला. "सोड आता. उचलूया."

भागोजीनं तिसऱ्यांदा कॅप बसवली आणि तिच्यावर अंगठा दाबून धरला.

"जरा दम खावा रे," तो म्हणाला. "पाच मिन्टांचं काम हाय."