थंड तोफ

माझ्या मुलाच्या, अनंताच्या पलटणीचे साहेब हमरापूरला आमच्या गणपतीच्या कारखान्यात आले आणि त्यांनी तोफा करून मागितल्या. बांबू, काथ्या आणि प्लास्टरच्या, आभाळातून खऱ्या दिसतील अशा. "शत्रूचं विमान फसेल, बॉम्ब यांच्यावर टाकेल. तिथं माणूस नसतो. तुमचा मुलगा लांब, सुखरूप," ते म्हणाले. मूर्ती घडवाव्या तशा मी त्या मन लावून घडवल्या. पुढच्या खेपेला ते म्हणाले, "विमानातल्या नव्या कॅमेऱ्याला ऊबही दिसते. तुमची तोफ थंड आहे, हे त्याला कळतं." पावसाळ्यात ओली मूर्ती सुकवायला आम्ही तिच्या पोकळीत निखाऱ्यांची शेगडी ठेवतो. मीच ती युक्ती सांगितली. साहेबांनी माझे हात हातात घेतले. शिमग्याला अनंता सुट्टीवर आला. जेवायला बसला तेव्हा त्याची बोटं भाजलेली दिसली. "हे कशानं रे?" "शेगडीनं. तोफेतले निखारे विझले की नवे घालायला जावं लागतं. पाळ्या लावल्यात." "साहेब तर बोलले, तिथं माणूस नसतो." तो हसला. "माणूस नाय बाबा, आमी असतो." सुट्टी संपवून निघताना त्यानं कोपऱ्यातली आमची जाड बुडाची शेगडी उचलली. "ही नेतो. हिच्यात निखारा लय वेळ टिकतो. तेवढ्याच खेपा कमी." बाहेर साहेबांच्या नव्या तोफा सुकत होत्या. मी राख झाडून शेगडी त्याच्या ट्रंकेत ठेवली.