आकडे कुणाचे

तौर सर माईकसमोर उभे राहिले आणि प्रीती हिवाळेने मोबाईलवर ते पान उघडून ठेवलं. पानाच्या डोक्यावर लाल पट्टी होती : आकडे बनावट निघाल्यामुळे हा शोधनिबंध मागे घेण्यात आला आहे.

आज ती उट्टं काढणार होती. नर्सिंग कॉलेजचे हे विभागप्रमुख स्वतः कधी काही शोधत नसत. "मॅडम, तेवढं सर्च करून द्या जल्दी, मला येळ न्हाई," एवढं ते म्हणायचे. मग त्यांच्या हाताखाली शिकवणाऱ्या प्रीतीने नेट धुंडाळायचं, घरी ताट गार होईपर्यंत निबंध चाळायचे, सार काढून द्यायचं. टाळ्या सरांना, हारतुरे सरांना. तिचं नाव कुठल्या कोपऱ्यातही नसे. तिच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

या वेळी मधुमेहींच्या जखमांवरचा हा निबंध तिने मुद्दाम निवडला होता. लाल पट्टीचा उल्लेख गाळून नुसतं सार सरांच्या व्हॉट्सॲपवर टाकलं. सर मूळ पान उघडून बघणार नाहीत, याची तिला खात्री होती. आजवर कुठे बघितलं होतं?

संभाजीनगरहून आलेले पाहुणे डॉक्टर पहिल्या रांगेत माना डोलवत होते. पडद्यावर एकामागून एक आकडे येत होते. शेजारच्या संध्या मॅडम कुजबुजल्या, "काय हसून राह्यल्या ओ?"

"काही न्हाई. सरांना एक प्रश्न विचारायचाय."

भाषण संपत आलं तसा प्रीतीने हात वर केला. दुसऱ्या हातात मोबाईल तयारच होता.

"थांबा मॅडम, आधी मला बोलू द्या," सर म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. "पुढच्या महिन्यात रिटायर होऊन राह्यलो, तं आज खरं सांगतो. इतकी वर्षं मी फुकटचा मान घेतला. शोधायचं, वाचायचं, सगळं या हिवाळे मॅडमनी. आजचा तं एकूण एक आकडा त्यांचाच हाय."

पडद्यावर शेवटची स्लाईड आली. तिच्यावर मोठ्या अक्षरांत एकच नाव होतं. सगळं सभागृह मागे वळून टाळ्या वाजवू लागलं.

"हां, विचारा आता मॅडम, काय विचारायचं ते," सर म्हणाले.

प्रीतीचा हात अजून वरच होता.