वाफेचं चाक

गिरणीत वाफेचा मोठा नळ फुटला, तेव्हा फोरमनसकट सगळे पुरुष जीव मुठीत धरून दाराकडे पळाले. वरच्या मजल्यावर सूत कातणाऱ्या बायका अडकल्या होत्या आणि जिना वाफेने भरला होता. बॉयलरची खोली झाडणारी बाई तेवढी मागे फिरली. वाफ बंद करायचं लोखंडी चाक ती रोज पुसायची. आज डोक्यावर ओलं पोतं घेऊन आत शिरली आणि तेच चाक उघड्या हातांनी फिरवत राहिली. वरच्या सगळ्याजणी सुखरूप खाली उतरल्या. दवाखान्यात मॅनेजर तिला भेटायला आला. “बाई, तुमचे उपकार आहेत. पण त्या चाकाला हात लावायची परवानगी फक्त फोरमनला. तपासणीवाल्यांना खरं कळलं, तर गिरणीला टाळं लागेल आणि तुम्ही वाचवलेल्या बायकांच्याच चुली विझतील. चाक फोरमनने फिरवलं, असं सांगू का?” तिने नजर छताकडे वळवली. मग म्हणाली, “सांगा.” फोरमनच्या सत्काराला अख्खी गिरणी लोटली. त्याच्या कोटावर पदक लागलं, पण त्याची मान काही वर होईना. मागच्या रांगेत ती लेकीला घेऊन बसली होती, दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत बांधलेले. “आई, चाक तर तू फिरवलंस ना?” लेकीने मोठ्यानेच विचारलं. पुढे बसलेल्या, वाचलेल्या बायकांपैकी एकीनेही मागे वळून पाहिलं नाही. टाळ्यांचा कडकडाट झाला. “टाळ्या वाजव, बाळा,” ती म्हणाली, “माझ्या वाटच्याही तूच वाजव.”